ओरडणारा ब्रेक नुसता गप्प करू नका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. मी राहायला भोरला, सासुरवाडी वेल्ह्याला. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी हा रस्ता गाडीला पाठ झालाय.

एका पावसाळ्यात ब्रेक दाबला, की पुढच्या डाव्या चाकातून कर्कश ‘चीं’ असा आवाज येऊ लागला. सौ. म्हणाल्या, “अहो, रस्त्यावरची माणसं वळून बघतात!” गाडी गॅरेजात नेली. चाक काढलं, पॅडवर पॉलिश पेपर मारला, मागं ग्रीस लावलं. आवाज बंद. मीही खूश!

दिवाळीनंतर मुलांना घेऊन वरंध घाटानं महाडला निघालो. निम्मा घाट उतरलो आणि ‘खर्र खर्र’ असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. ब्रेक दाबला, की गाडी एका बाजूला ओढायची. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू रुंद जागी आणून थांबवली. माझे हात थरथरत होते.

मिस्त्रींनी चाक उघडलं. बाहेरचा पॅड अजून अर्धा शिल्लक, आतला मात्र पार पत्र्यापर्यंत संपलेला! असं का झालं?

गाडीच्या पुढच्या चाकाबरोबर लोखंडी डिस्क फिरते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो आणि कॅलिपर त्यांना चिमट्यासारखं दाबतो. पिस्टन फक्त आतल्या पॅडला ढकलतो. कॅलिपर आपल्या पिनांवर सरकतो, तेव्हा बाहेरचा पॅड डिस्कला टेकतो. माझ्या गाडीत पिनेवरचं रबर फाटलं होतं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. चिखलपाणी आत शिरलं, पिन गंजून अडकली आणि सगळा भार आतल्या पॅडवर पडला. पहिली ‘चीं’ तीच तक्रार करत होती. आम्ही तक्रार मिटवली, कारण तसंच राहिलं.

म्हणून आवाज ओळखायला शिका. रात्रभर पावसात उभ्या गाडीचा ब्रेक सकाळी दोन-चार वेळा खरखरला आणि मग थांबला, तर डिस्कवर नुसता गंज धरला होता, काळजी नको. प्रत्येक वेळी ‘चीं’ होत असेल, तर पॅड थरथरतोय. तो गुळगुळीत झाला असेल, सैल बसला असेल किंवा झिजत आला असेल. काही पॅडना एक पत्र्याची पट्टी असते; पॅड संपत आला, की ती डिस्कला घासून मुद्दामच ओरडते. आणि ‘खर्र’ आवाज आला, तर गाडी तिथंच थांबवा. मागच्या चाकांत ड्रम असतील, तर लायनरची धूळ साचूनही आवाज येतो.

गॅरेजात गेलात, की तीन गोष्टी समोर उभं राहून बघा. एक, दोन्ही पॅड. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटर जाड असतो. तीनवर आला, की बदला, आणि डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदला. दोन, कॅलिपर पिनांवर हातानं सरकतो का. पिना साफ करून त्यांना उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस लावायचं, रबर फाटलं असेल तर नवं घालायचं. तीन, डिस्कवर खोल चरे आहेत का. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेल किंवा ग्रीस कधीही लावू देऊ नका. आवाज जाईल, पण ब्रेकही जाईल! ब्रेकची धूळ फुंकू नका; जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. घाटात ब्रेक तापले, की ते पाणी उकळतं आणि पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी ते बदलावं. आणि वरंध असो वा पाबे घाट, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. सगळा भार ब्रेकवर टाकू नका.

त्या दिवशी दोन पिनांची सफाई आणि नवे पॅड एवढ्यावर निभावलं. आता गाडीनं जरा ‘चीं’ केलं, की आवाज बंद करा असं मी म्हणत नाही. मिस्त्रींना विचारतो, “हा येतोय कशामुळं?”