रॅकेटच्या तारा का सरकतात?

दोन गुणांच्या मध्ये टेनिसचे खेळाडू बोटांनी रॅकेटच्या तारा सरळ करताना पाहिलेत ना? टॉपस्पिन मारताना उभ्या तारा बाजूला सरकतात. पॉलिएस्टरची तार गुळगुळीत नि ताठ. चेंडू सुटता सुटता ती झटकन जागेवर परतते आणि चेंडूला जादा फिरकी देते. केवढी सुंदर गोष्ट! नायलॉनच्या तारांना मात्र घासून खाचा पडतात, मग त्या सरकलेल्याच राहतात. १९९७ मध्ये गुस्तावो कुएर्तेनने पॉलिएस्टर वापरून फ्रेंच ओपन जिंकली. फेडररने बराच काळ उभ्या तारा जनावरांच्या आतड्याच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या ठेवल्या. पॉलिएस्टर मात्र हाताला कडक, ताणही लवकर सोडते. कोपर दुखत असेल, तर पुढचं गटिंग (तारा बसवणं) मल्टिफिलामेंटचं, म्हणजे अनेक बारीक तंतूंच्या मऊ तारेचं, करून घ्या.