कावेरीकाठची मोडी आणि तिचा फॉण्ट

तंजावरच्या उत्तरेस कावेरीतीरावर वसलेले तिरुवैयारु हे क्षेत्र पंचनदीश्वराच्या देवळामुळे आणि संत त्यागराजांच्या (१७६७–१८४७) समाधीमुळे सर्वत्र परिचित आहे. परंतु १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती आणि दरबारचा मराठी कारभार मुख्यतः मोडी लिपीत लिहिला जाई, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाच्या ध्यानात नसते. ते कागद आज तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, जपलेले असून तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतरही प्रसिद्ध केले आहे.

आज मोडी लग्नपत्रिकांवर, ग्रंथांच्या वेष्टनांवर आणि बोधचिन्हांत शोभेसाठी वापरली जाते, आणि ती खरोखर देखणी आहे. मात्र तिचे वळण शोभेसाठी घडलेले नाही, ते लेखनाच्या वेगातून आलेले आहे. लेखक प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरे तिच्याखाली लिहीत जाई. काना तळातून वर चढवून रेषेला भिडवला, की बोरू पुढच्या अक्षरासाठी आयताच जागेवर येई. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती, विरामचिन्हे जवळजवळ नव्हतीच, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद न पाळता वेलांटी बहुधा दीर्घ व उकार ऱ्हस्व काढीत. त्यामुळे ‘तिरुवैयारु’ हे नाव मोडीत ‘ती’ने सुरू होणे स्वाभाविक होते, आणि तमिळ लिपीत या नावातील दोन ‘र’ दोन निराळ्या अक्षरांनी लिहिले जातात तो भेदही त्यात उरत नसे. नाव आधीच ओळखीचे असलेल्या कारकुनाला याची अडचण नव्हती, कारण कारकुनी लेखन जाणकाराने जाणकारासाठीच केलेले असे.

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळी दोन लिप्यांमधील कामांची वाटणी स्पष्ट दिसते. बृहदीश्वराच्या देवळातील भोसले घराण्याचा विस्तृत शिलालेख (१८०३) देवनागरीत, म्हणजे बाळबोधीत, कोरलेला आहे आणि त्यांच्या छापखान्यातील मराठी पुस्तकेही बाळबोधीतच निघाली. रोजच्या हिशेबांना मात्र मोडीच सोयीची होती. मोडीचा छापील टाइप मुळीच झाला नाही असे नव्हे, मिशनरी विल्यम केरींचा मराठी कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूरला मोडीतच छापला गेला. तरी सुट्या खिळ्यांत हाताचा ओघ पकडणे कठीणच होते.

संगणकावर ही अडचण बरीच हलकी झाली आहे. प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरीव क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत २०१४ साली मोडीची ७९ चिन्हे समाविष्ट झाली, आणि नोटो सान्स मोडीसारखा मोफत फॉण्ट, म्हणजे संगणकासाठी आखलेला अक्षरसंच, आज कोणालाही वापरता येतो. युनिकोड केवळ अक्षर ओळखते. व्यंजन आणि स्वरचिन्ह एकत्र येऊन होणारे जोडरूप काढून देणे हे फॉण्टचे काम असते, म्हणून फॉण्टची खरी परीक्षा त्याच्या सांध्यांत होते. सुटी, नक्षीदार अक्षरे ओळीत मांडून मथळा सजेल, मोडीचा वेग त्यात येणार नाही. अशा फॉण्टवर लिपी गिरवलेल्या विद्यार्थ्याला अक्षरओळख होते, पण रुमालातील सलग, संक्षेपांनी भरलेली ओळ त्याला अडवते. तंजावरच्या कागदांतील प्रत्यक्ष वळणे मोजून, त्यांच्या सांध्यांसह एखादा फॉण्ट आखला गेला, तर तो पत्रिकेवर शोभेलच आणि त्या रुमालांच्या वाचकालाही उपयोगी पडेल.