पाठीवरची हवा

आगीत शिरणाऱ्या जवानाच्या पाठीवर ऑक्सिजनचं नळकांडं असतं, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात त्यात आपली नेहमीचीच हवा असते. गाळून, कोरडी करून ३०० बार दाबाने भरलेली. मोटारीच्या टायरपेक्षा शंभर पटींहून अधिक दाब! ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये अशी सुमारे २,००० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरले तर हिशेब पाऊण तासाच्या पुढे जातो. पण पाण्याने भरलेला होज ओढत जिना चढणाऱ्याला एवढी हवा पुरत नाही, अर्ध्या तासातच हवा संपत आल्याची शिट्टी वाजू लागते. शिट्टी वाजली की मागे फिरायचं. उरलेली हवा बाहेर पडण्यापुरती राखलेली असते. आतून कुणाची हाक येत असताना हा नियम पाळणं किती जड जात असेल!

या कामात कधी जीवही जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरच्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

आग दिसताच दूरध्वनी : १०१.