विणणारीच्या ताटात काय घालावं?

परभणी जिल्ह्यात कापूस आणि दिवाळी साधारण एकदमच घरात येतात. दसऱ्याच्या आगेमागे पहिली वेचणी होते, मानवत, सेलू, जिंतूरच्या बाजारात गाड्या लागतात. हातात चार पैसे आले की कपडालत्त्याची आणि भाऊबीजेच्या ओवाळणीची बोलणी सुरू होतात. साडी, चांदीचं निरंजन, मिक्सर, नाहीतर सरळ पाकीट. पण बहीण, वहिनी किंवा आत्या दुपारची भांडी आवरली की क्रोशाची सुई घेऊन बसणारी असेल, तर तिच्यासाठी याहून नेमकी भेट मिळू शकते. पंचाईत एवढीच, की ती काय करते हे देणाऱ्याने वर्षानुवर्षं नुसतं पाहिलेलं असतं, कधी विचारलेलं नसतं.

क्रोशा मराठवाड्याला नवा नाही. रुखवतात दाराचं तोरण, ताटावरचे रुमाल, तांब्यावरची मण्यांची जाळी मांडलेली असायची आणि नवऱ्याकडच्या बायका ती कौतुकाने उलटून मागची बाजू बघायच्या. गाठी मागे नीट दडवल्या आहेत का, ही खरी परीक्षा. पुढे घरात टीव्ही आला, फ्रिज आला, त्यांच्या डोक्यावरही पांढरी जाळी चढली. जपाची गोमुखी, देवघरातलं आसन, बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे हे तर आजही होतात. म्हणजे क्रोशावाली बाई मुळात देणारी. गल्लीतल्या निम्म्या बाळांच्या पायांत तिच्या हातचे मोजे असतात. तिला परत द्यायची वेळ आली की लोक गोंधळतात आणि विणलेलीच एखादी शोभेची वस्तू बाजारातून आणून देतात. त्यातले टाके ती हसतमुखाने मोजते.

तर सुरुवात सुईपासून.

क्रोशाला सुई एकच लागते, तिच्या टोकाला आकडा असतो. दोन सुयांच्या स्वेटरकामापेक्षा हे वेगळं. डाव्या हाताच्या करंगळीला दोऱ्याचा एक वेढा, दोरा तर्जनीवरून ताणलेला, उजव्या हातातला आकडा तो दोरा पकडून आधीच्या फासातून ओढून काढतो. एका वेळी सुईवर एखाददुसराच फास असतो, म्हणून काम कधीही खाली ठेवता येतं. कुकरची शिट्टी झाली, उठलं, परत आलं, पुढे सुरू. सुई नीट पाहिली तर मधोमध एक चपटी जागा दिसते. अंगठा तिथे टेकतो. तासनतास विणणाऱ्या बाईचा अंगठा आणि मनगट दुखतं ते बहुतेक याच जागेमुळे, कारण साधी पोलादी सुई बारीक असते आणि ती घट्ट चिमटीत धरून ठेवावी लागते.

म्हणून जिच्याकडे वीस वर्षांच्या जुन्या पोलादी सुया आहेत, तिला मऊ रबरी मुठीची एक चांगली सुई द्यावी. भारतात ‘पोनी’च्या सुया सहज मिळतात. जपानच्या ‘ट्युलिप’ आणि ‘क्लोव्हर’ या कंपन्यांच्या मुठीच्या सुया महाग असतात, पण विणणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. ‘ट्युलिप’ ही हिरोशिमाची कंपनी. ते गाव शिवणाच्या सुयांसाठी फार पूर्वीपासून ओळखलं जातं.

मात्र आकार विचारल्याशिवाय सुई घेऊ नये. लोकरीच्या सुया मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हणजे ४ मिलिमीटरची सुई ३च्या सुईपेक्षा जाड. बारीक दोऱ्याच्या पोलादी सुयांचा हिशेब उलटा: नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. दुकानात भले भले इथे फसतात. सोपा उपाय म्हणजे तिच्या पिशवीतली सगळ्यात झिजलेली सुई हळूच बाहेर काढायची, तिच्यावरचा आकडा फोनमध्ये टिपायचा आणि परत ठेवून द्यायची. झिजलेली सुई म्हणजे लाडकी सुई. ऑनलाइन मिळणारा शंभर वस्तूंचा रंगीत डबा, ज्यात बावीस सुया, प्लास्टिकच्या पिना आणि एक कात्री असते, तो नवशिक्या मुलीला ठीक. मुरलेल्या बाईला त्यातल्या वीस सुया जन्मात लागत नाहीत.

दोऱ्याचं प्रकरण जास्त खोल आहे, आणि परभणीकरांना ते जिव्हाळ्याचं वाटायला हरकत नाही. हा जिल्हाच कापसाचा. परभणीच्या महेबूब बागेत निजामाच्या काळापासून कापसावर संशोधन चालत आलं आहे. १८ मे १९७२ रोजी इथे कृषी विद्यापीठ स्थापन झालं, पुढे त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. ‘पीए २५५’, ‘पीए ४०२’ हे देशी कापसाचे वाण इथलेच. पण देशी, म्हणजे आपला गावरानी कापूस, पारंपरिकपणे आखूड तंतूचा. तो गादीला, वातीला, दवाखान्यातल्या कापसाला उत्तम. क्रोशाच्या बारीक, गुळगुळीत दोऱ्याला लांब तंतू लागतो. देशी कापसाचा तंतू लांबवण्यावर विद्यापीठाने बरंच काम केलं आहे. इथल्या गाठी मात्र जिनिंग-प्रेसिंग होऊन बाहेरच्या गिरण्यांकडे जातात आणि परभणीची बाई कच्छी बाजारातून विकत आणते तो गुंडा परप्रांतातून आलेला असतो.

त्या गुंड्याला जी चमक असते ती मर्सराइज केल्याची. सुताला ताणून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढलं की तंतू फुगतो, गोलसर होतो, उजेड परतवतो आणि रंगही जास्त धरतो. जॉन मर्सर या इंग्रजाने १८५० मध्ये सोड्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. सूत ताणून धरलं की चमक येते हे नंतर दुसऱ्यांनी शोधलं, पण नाव मर्सरचंच राहिलं. ‘अँकर’चे चमकदार गुंडे मिळतात ते याच जातीचे. त्यांच्यावर १०, २०, ४० असे नंबर असतात. १० जाड, ४० बारीक. तोरणाला आणि पर्सला १० चालतो, नाजूक रुमालाला २० किंवा ४० लागतो. चाळशी लागलेल्या काकूंना ४० नंबरचा काळा दोरा भेट देणं म्हणजे त्यांच्या डोळ्यांवर सूड उगवणं.

लोकर द्यायची असेल तर एक सावधगिरी. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. ते वाईट नाही. स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे, रंग भरपूर आहेत. शंका असेल तर बोटभर धागा जाळून बघावा. सूत कागद जळल्यासारखा वास देऊन मऊ राख होतं, खरी लोकर केस जळल्यासारखी घाण वास मारते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची टणक गुठळी होते. ही परीक्षा घरी करायची, दुकानात नाही. परभणीची थंडी कडाक्याची पण थोड्या दिवसांची. डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाने नोंदवलेलं किमान तापमान वर्तमानपत्रांत झळकतं, आणि मार्च उजाडला की अ‍ॅक्रिलिक घामेजल्या बोटांना चिकटायला लागतं. दिवाळीला दिलेली लोकर संक्रांतीपर्यंत संपेल एवढीच असावी. सुती दोरा बाराही महिने चालतो.

दोरा देताना रंगाइतकाच महत्त्वाचा असतो लॉट नंबर, आणि नेमका तोच देणाऱ्याला ठाऊक नसतो. प्रत्येक गुंड्याच्या कागदी पट्ट्यावर रंगाचा क्रमांक असतो आणि बहुतेकदा शेजारी लॉटचा. रंगाचा क्रमांक तोच पण लॉट वेगळा असेल, तर दोन गुंड्यांत किंचित फरक पडतो. गुंडे हातात असताना तो दिसत नाही, टेबलक्लॉथच्या मधोमध पट्टा होऊन उमटतो. म्हणून सात रंगांचे सात गुंडे देण्यापेक्षा एकाच रंगाचे, एकाच लॉटचे दहा द्यावेत. दिसायला ही भेट फिकी वाटते, देणारा जरा ओशाळतो, पण विणणारीला कळतं की आता एक अख्खं काम अडल्याशिवाय पूर्ण होणार. सुटे गुंडे तिच्याकडे पिशवीभर पडलेले असतातच, एकेकट्याने उरलेले.

हल्ली तरुण मुली तोरणाऐवजी अमिगुरुमी करतात. हा जपानी प्रकार: विणलेले छोटे हत्ती, ससे, गणपतीसुद्धा. त्यांच्यासाठी पोटात भरायचा फायबर द्यावा, ज्याला बाजारात रेक्रॉन म्हणतात. कापसाच्या जिल्ह्यात कापूस सोडून प्लास्टिकचा भुसा का, असं आजी विचारतीलच. उत्तर धुण्यात आहे. कापूस भिजला की त्याच्या गुठळ्या होतात, वाळायला वेळ लागतो आणि हत्तीचं पोट एका बाजूला जातं.

काही वस्तू क्रोशाच्या दुकानात मिळतच नाहीत आणि त्याच फार कामाला येतात. देवळाबाहेर नामजपाचं बोटात घालायचं यंत्र मिळतं, बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो. ओळी मोजायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. आलेल्या पाहुण्याशी बोलताना “बत्तीस झाल्या की तेहतीस?” हा घोळ मिटतो. दुसरी वस्तू म्हणजे मोबाइलचा स्टँड. आजची निम्मी शिकवणी यूट्यूबवर चालते आणि दोन्ही हात गुंतलेले असताना फोन तांब्याला टेकवून ठेवला की तो घसरतो. तिसरी, मान वळणारा चार्जिंगचा दिवा. भारनियमनाच्या संध्याकाळीही काम चालू राहतं आणि उजेड डाव्या खांद्यावरून नेमका टाक्यावर पडतो. कुंभाराशी ओळख असेल तर ओल्या मडक्याच्या काठाला गोलसर चीर पाडून भाजून घ्यावं. गुंडा आत, दोरा चिरीतून बाहेर. मांजर असलेल्या घरात याची किंमत जास्त कळते.

पुस्तक द्यायचं तर आतून चाळून घ्यावं. मराठीत विणणाऱ्या बायका साखळी, मुका खांब, खांब असं बोलतात आणि त्यांचं एकमेकींना बरोबर समजतं. इंग्रजी पुस्तकांत मात्र ब्रिटिश ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात त्यालाच अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात. पुस्तक कुठल्या देशाचं आहे ते न बघता काम सुरू केलं तर टोपी बाळाऐवजी बाळाच्या बापाला होते. जपानी पुस्तकं भाषा येत नसूनही चालतात, कारण त्यांत सगळं खुणांच्या आकृतीत असतं. आणि घरात गणिताच्या शिक्षिका विणत असतील तर डायना तायमिना या गणितज्ञ बाईंचं पुस्तक मागवावं. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी कागदावर नीट दाखवता न येणारा ‘हायपरबोलिक’ पृष्ठभाग क्रोशाने विणून मुलांच्या हातात दिला. दर ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेले की कापड झालरीसारखं मुरडत जातं, बस एवढंच तंत्र. ‘क्रोशेटिंग अ‍ॅडव्हेंचर्स विथ हायपरबोलिक प्लेन्स’ हे पुस्तकाचं नाव. सर्वांत विचित्र शीर्षकाचं बक्षीसही त्याला मिळालं आहे.

आता न देण्याच्या गोष्टी. त्यांत पहिली म्हणजे फर्माइश. “एवढी लोकर आणलीय, माझ्या नातवाला स्वेटर करून दे ना” याला भेट म्हणत नाहीत, हे काम सोपवणं झालं. दुसरी, “फावल्या वेळात करतेस ना, मग पैसे कसले?” हे वाक्य. स्वेटरचं कापड यंत्र विणतं, पण खरा क्रोशा विणणारं यंत्र अजून बाजारात नाही. जगात कुठेही दिसणारा क्रोशाचा झगा कुणाच्या तरी बोटांनी टाका टाका करून झालेला असतो. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात बायकांनी याच सुईवर घरं जगवली. आंध्रातल्या नरसापूरला मिशनऱ्यांनी आणलेली ही कला हजारो बायकांच्या हाती गेली. त्यांना किती तुटपुंजी मजुरी मिळते हे अभ्यासक मारिया मीस यांनी १९८२च्या पुस्तकात मांडलं, आणि २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशाला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा घरातली कुणी पर्स, तोरणं, संक्रांतीच्या वाणासाठी छोटे बटवे करून विकत असेल, तर तिला सर्वांत मोलाची भेट म्हणजे ऑर्डर: पूर्ण भावाने, आगाऊ पैसे देऊन, घासाघीस न करता. हळदीकुंकवाला चाळीस बटवे लागणार असतील तर ते दिवाळीतच सांगावं. जानेवारीत सांगितलं तर तिच्या रात्री जातात.

खरेदी परभणीत करायची की बाहेरून मागवायची, हा प्रश्न दोऱ्यावर ठरतो. साधा सुती गुंडा, पोलादी सुया, मणी, लेस हे कच्छी बाजार आणि गांधी पार्कच्या बाजूला फिरलं तर मिळून जातं. गंगाखेड किंवा पाथरीहून येणाऱ्यांनी सोबत रिकाम्या गुंड्याचा कागदी पट्टा आणावा, म्हणजे बोलण्यात वेळ जात नाही. मुठीच्या सुया आणि विशेष रंगांची लोकर मात्र ऑनलाइन मागवावी लागते, आणि दिवाळीच्या आठवड्यात कुरिअरची वाट बघण्यात अर्थ नाही, निदान पंधरा दिवस आधी मागवावं. पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून येणाऱ्या भावांनी तिथली महागडी लोकर आणायची हौस जरूर करावी, पण धुण्याची सूचना वाचून. हाताने गार पाण्यात धुवायची मेरिनो लोकर बादलीत निरम्याबरोबर पडली की आकसून बाहुलीच्या मापाची होते.

दुकानात पैसे देण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: न उघडलेले गुंडे बदलून मिळतील का? बरेच दुकानदार पावती असेल तर सणानंतर आठ-दहा दिवस बदलून देतात. कागदी पट्टा निघालेला किंवा टोक सोडलेला गुंडा कुणी परत घेत नाही. म्हणून भेटीच्या पिशवीत पावती असू द्यावी, किंमत दिसली तरी चालेल.