स्क्रीनमागचे हात (भाग ७) : बायक्रोमेट आणि पायातली चप्पल

यूव्ही शाईबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं, पण ती पुढच्या भागात घेऊ. स्क्रीन प्रिंटिंगनं लग्नपत्रिका छापणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आधी घ्यायलाच हवा. ते लिहितात, ‘थिनरनं हातांना भेगा पडतात हे पटलं, चार दिवस काम थांबवलं की त्या भरूनही येतात. पण आमच्याकडे स्क्रीन कोट करणाऱ्या मुलाचं इसब सुट्टीतही हटत नाही. आता पावलांवरही खाज सुटते. पायाला तर शाई लागतच नाही!’

शंका शाईवर घेतली जाते, पण माझ्या मते खरा संशयित कोटिंगच्या टेबलावर आहे. इमल्शन उजेडात कडक व्हावं म्हणून त्यात सेन्सिटायझर म्हणून जे नारिंगी बायक्रोमेट विरघळवतात, ते. पोटॅशियम बायक्रोमेट लावलेल्या कागदावर उजेडाचा परिणाम होतो, हे मंगो पाँटन या स्कॉटिश माणसानं १८३९ मध्ये दाखवून दिलं. ज्या क्रोमियममुळे हे घडतं, तेच कातडीत सहज शिरतं, तिथल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखू लागतं. थिनर कातडीतलं तेल ओढून घेतं. पुरेसा वेळ लागला तर कोणाचेही हात बिघडतील. क्रोमियमची ॲलर्जी काहींनाच होते. मात्र एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते, आणि मग अगदी थोडासा स्पर्शही पुरतो.

त्यात पुरळ उठतं एक-दोन दिवसांनी. सोमवारी स्क्रीन कोट केली, बुधवारी छापताना हात चिघळले, की दोष शाईच्या डब्यावर जातो. बायक्रोमेट सुटून जातं.

आता पाय. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. घामानं त्यातलं क्रोमियम थोडं थोडं सुटतं आणि चामडं जिथे घासतं तिथे, म्हणजे पावलाच्या वरच्या बाजूला, खाज उठते. गवंड्यांच्या हातांनाही सिमेंटमधलं हेच क्रोमियम छळतं. युरोपात २००५ पासून सिमेंटमध्ये त्याला दहा लाख भागांत दोन भागांची मर्यादा आहे. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचं चामडं मात्र बाभळीच्या साली आणि हिरड्यानं कमावतात, त्यात क्रोमियम लागत नाही. आज त्याच घाटाच्या चपला क्रोमच्या चामड्यातही मिळतात, म्हणून दुकानदाराला विचारूनच घ्या.

पण अंदाजावर थांबू नका. त्या मुलाला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेऊन पॅच टेस्ट करून घ्या. व्हॅसलिनमध्ये कालवलेलं अगदी थोडं बायक्रोमेट पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात आणि पुढे पुन्हा एकदा तपासतात. डॉक्टरांना कोटिंगचं काम आणि चप्पल, दोन्ही सांगा.

आणि निकाल काहीही येवो, दुकानातून बायक्रोमेट काढाच. त्याऐवजी वापरायचं डायझो इमल्शन महाग पडतं, ही तक्रार मला ठाऊक आहे. पण बायक्रोमेट घातलेलं इमल्शन अंधारातही लवकर कडक होतं आणि उरलेलं फेकावं लागतं; डायझो मिसळलेलं थंड जागी काही आठवडे टिकतं. हा हिशेब धरला तर फरक बराच कमी होतो. तोवर कोटिंगला आणि एक्स्पोज झालेली स्क्रीन धुताना, दोन्ही वेळा हातमोजे हवेत, कारण धुण्याच्या पाण्यातही बायक्रोमेट असतंच.

पुढच्या आठवड्यात यूव्ही शाई. त्याआधी आपल्या सेन्सिटायझरच्या डब्यावरचं लेबल वाचून ठेवा. पुढच्या भागातही ते लागेल.