सालामांका : सोनेरी दगडाचं शहर

माद्रिदच्या वायव्येला असलेल्या सालामांकाचा जुना भाग १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथल्या बहुतेक इमारती जवळच्या विल्यामायोरच्या दगडाच्या. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, त्यामुळे नक्षीकाम बारीक उतरतं. त्यातलं लोह हवेशी संयोग पावलं, की त्याला सोनेरी झाक चढते.

नवं कॅथेड्रल १५१३ मध्ये सुरू झालं आणि १७३३ मध्ये पूर्ण झालं. तोवर उपासना कुठे करायची, म्हणून बाराव्या शतकातलं जुनं पाडलंच नाही! आज नव्यातूनच जुन्यात जाता येतं. तिथली ५३ चित्रफलकांची वेदी चुकवू नये. नव्याच्या उत्तरेकडच्या दारावर मात्र चक्क अंतराळवीर कोरलेला आहे. तो १९९२ च्या डागडुजीतला. कुणी प्राचीन गूढ वगैरे सांगू लागलं, तर खुशाल हसावं.

सरदारी वाड्यांत ‘कासा दे लास कोंचास’ पाहावाच. त्याच्या भिंतींवर तीनशेहून अधिक दगडी शिंपले आहेत. वाडा बांधणारे मालदोनादो सांतियागो पंथाचे सरदार, आणि शिंपला ही त्या पंथाची खूण. आता तिथे सार्वजनिक ग्रंथालय आहे. आल्बा घराण्याचा मोंतेर्रेय राजवाडा मार्गदर्शकासोबतच पाहता येतो, तेव्हा वेळ आधी ठरवून ठेवा.