घर कळंब्यात, तालीम पेठेत!

कोल्हापुरात कुणालाही विचारा, 'राहायला कुठं?' उत्तर दोन हप्त्यांत येतं. 'आता आर. के. नगरला असतो, पण मूळ शिवाजी पेठेतला.' घर बदलतं, पेठ बदलत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालमींचा फुटबॉल सामना लागला, की कळंबा, पाचगाव, फुलेवाडी, उचगाव अशा चारी दिशांनी गाड्या शहराकडे वळतात. गणपतीची वर्गणी जुन्या गल्लीतच द्यायची, आरतीला तिथंच उभं राहायचं. माणूस राहतो कुठं आणि रोज जातो कुठं, यावर जगभर जाडजूड अभ्यास होतात. त्यातला बराचसा मसाला आपल्या गावात रस्त्यावरच सापडतो.

तासाभराचं गणित

इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 साली एक भन्नाट निरीक्षण मांडलं. माणूस पायी जाणारा असो की मोटारीतला, दिवसाचा साधारण एक तास तो येण्याजाण्यात घालवतो. त्यांच्या आधी याकोव्ह झहावी या वाहतूकतज्ज्ञानं जवळपास हेच सांगितलं होतं. तासाला पाचेक किलोमीटर हा आपला चालण्याचा वेग, म्हणून जगातली जुनी शहरं साधारण तेवढ्याच पसाऱ्याची.

आता आपलं जुनं कोल्हापूर बघा. गंगावेशीतून निघा, महाद्वार रोडची गर्दी कापत मिरजकर तिकटीला या. रेंगाळलात तरी अर्धा तास लागत नाही. तटबंदी कधीच गेली, तिचा एक तुकडा बिंदू चौकात उभा आहे. वेशी मात्र पत्त्यांत जिवंत राहिल्या: गंगावेश, रंकाळवेश, वरुणतीर्थवेश. पेठेत राहणाऱ्याला बाजार, देऊळ, तालीम आणि दूध सगळं पायाखाली. गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री म्हैस समोर उभी करून धार काढून देतात, तो ग्लास घेऊन चालत घरी जाता येतं.

मार्केटींच्या निरीक्षणातून निघणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वेग वाढला म्हणून वेळ वाचत नाही, घर लांब जातं. सायकल आली तेव्हा माणूस राजारामपुरीला गेला, स्कूटर आली तेव्हा पाचगावला.

बुजलेली तळी

गांधी मैदान हे एके काळी वरुणतीर्थ तळं होतं. कपिलतीर्थ मार्केटमध्ये आज जिथं मेथीची जुडी घेता, तिथंही तळंच होतं. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साठतं, कारण पाण्याला आपली जुनी जागा ठाऊक आहे.

शहर पूर्वेला का पळालं?

रेल्वेमुळे. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली 1891 साली, आणि इथंच थांबली. पुढं सह्याद्री. म्हणून आपलं स्टेशन टर्मिनस. स्टेशन पेठांच्या पूर्वेला पडलं आणि व्यापार तिकडं सरकला. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. मग लक्ष्मीपुरी, मग राजारामपुरी. बहुतेक जुन्या पेठांना वारांची नावं, तर राजारामपुरीच्या गल्ल्यांना चक्क नंबर: पहिली गल्ली, आठवी गल्ली, अकरावी गल्ली. नकाशा आधी, घरं नंतर, हे त्या नंबरांवरूनच कळतं. 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ माळावर गेलं आणि शहराची पावलं आणखी आग्नेयेला वळली. आपली केएमटी, म्हणजे शहराची बससेवा, सुरू झाली तीही 1962 सालीच.

वळिवड्यातलं पोलंड

दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित 1943 ते 1948 या काळात कोल्हापूर संस्थानात राहिले. त्यांचा कॅम्प वळिवड्याला, मिरज रेल्वेमार्गाच्या कडेला. तिथं शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. पोरं पंचगंगेकाठी वाढली आणि पुढं म्हातारपणी आवर्जून कोल्हापूर बघायला आली. त्यांच्या आठवणीचा स्तंभ महावीर उद्यानात आहे, बघितला नसेल तर बघून या.

पोलिश कुटुंबं गेली आणि त्या जागेत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर, कपड्यांची मोठी घाऊक बाजारपेठ. लग्नाचा बस्ता बांधायला जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून, कोकणातून, सीमाभागातून माणसं तिथं येतात. घर निवडायची संधी न मिळालेल्या दोन समाजांनी एकाच जागेवर, एकापाठोपाठ एक, संसार उभे केले. कोल्हापूरच्या इतिहासातली मला सगळ्यात अभिमानाची वाटणारी गोष्ट ही.

तिच्या जोडीला दसरा चौकातली विद्यार्थी बोर्डिंगं ठेवायची. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर शहरात डोकं टेकायला जागा हवी, हे शाहू महाराजांनी ओळखलं. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं. शाळेपर्यंतचा रोजचा प्रवासच त्यांनी मिटवून टाकला. त्या काळात खेड्यातून रोज शाळेला येणं शक्यच नव्हतं, त्यामुळं बोर्डिंग नाही म्हणजे शिक्षण नाही, इतका सरळ हिशेब होता.

हद्द जागेवर, घरं पुढं

महापालिका झाली 1972 साली. क्षेत्रफळ 66.82 चौरस किलोमीटर. पुढची पन्नास वर्षं हद्द तेवढीच राहिली. 2001 मध्ये शहराची लोकसंख्या 4 लाख 93 हजार होती, 2011 मध्ये 5 लाख 49 हजार झाली. दहा वर्षांत जेमतेम अकरा टक्के वाढ. मग माणसं गेली कुठं? हद्दीच्या पलीकडं. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी, शिंगणापूर. ग्रामपंचायतीच्या हद्दीत सहा-सहा मजल्यांचे अपार्टमेंट उभे राहिले. राजाराम महाराजांच्या काळातला 1939 चा विमानतळ उजळाईवाडीला, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी, गांधीनगरची बाजारपेठ, हे सगळं या काळात शहराच्या हद्दीबाहेरच राहिलं. 2017 मध्ये 42 गावांसाठी कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण नेमलं गेलं. हद्दवाढ हवी की नको, यावर शहर आणि गावं वर्षानुवर्षं आंदोलनं करत आली. गावांची भीती घरफाळ्याची आणि शेतजमिनीवरच्या आरक्षणाची, शहराची ओढ निधीची. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण बस, ड्रेनेज आणि कचरा यांना हद्द कळत नाही, आणि त्याचा त्रास पाचगावच्या माणसाला रोज होतो.

लॉटरीत लागलेलं घर नको झालं!

हा किस्सा अहमदाबादचा. 1987 मध्ये तिथल्या विडी कामगार महिलांसाठी घरांची लॉटरी निघाली. घरं चांगली, पण शहरापासून साधारण बारा किलोमीटर लांब. चौदा वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिलं, तर घर लागलेल्यांपैकी 34 टक्के बायका तिकडं राहायला गेल्याच नव्हत्या आणि आणखी 32 टक्के जाऊन परत आल्या होत्या. काम, नातेवाईक, अडीनडीला धावणारी शेजारीण, सगळं जुन्या वस्तीत. घर स्वस्त असून भागत नाही, त्या घरातून पोट भरायला जाता आलं पाहिजे. गरिबांसाठी शहराच्या टोकाला इमारती बांधणाऱ्या प्रत्येक सरकारनं हा अभ्यास वाचावा.

आपल्याकडं 2011 च्या जनगणनेत विचारलं गेलं, की कामाला किती लांब जाता आणि कशानं जाता. देशभरातल्या शेतीबाहेरच्या कामगारांपैकी साधारण तीस टक्के लोकांना कामासाठी प्रवासच नव्हता. घरातच किंवा घराला लागून काम. सुमारे बावीस टक्के पायी जाणारे. मोटारीनं जाणारे तीन टक्क्यांच्याही आत. आणि रस्ते रुंद करायचे ते कुणासाठी? उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये जवळच्या गल्लीतून डबा घेऊन चालत येणाऱ्या कामगाराला आधी धड फूटपाथ पाहिजे.

वडाप

वडाप म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला समजावून सांगावं लागतं. खासगी प्रवासी गाडी; टाइमटेबल नाही, थांबा नाही, तिकीट नाही. गाडी भरली की निघाली, हात केला की थांबली. आठाच्या जागेत बारा, पायाशी दुधाचं कॅन, मांडीवर पोराचं दप्तर, आणि दारात लोंबकळणारा पोरगा गावाचं नाव ओरडतोय. सुरक्षेच्या दृष्टीनं हे बरोबर नाही, हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. पण रात्री शेवटची एसटी चुकल्यावर गावाकडच्या माणसाला वडापच घरी पोचवतं. नैरोबीत मटाटू, मनिलात जीपनी, सगळीकडं हीच रीत. मनिलाच्या जीपनीचा जन्म तर महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यानं मागं सोडलेल्या जीपगाड्यांतून झाला.

आणि आपल्या रिक्षा! आरसे, झालरी, सीटकव्हर, मागच्या काचेवरची अक्षरं. रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरवणारं गाव आहे हे.

तिची चक्कर, त्याची फेरी

जगातल्या बहुतेक शहरांत पुरुष घरातून कामावर आणि कामावरून घरी जातो. बाईचा प्रवास असा सरळ नसतो. सकाळी स्कूटीवर पुढं दप्तर, मागं मुलगी. तिला शाळेत सोडायचं, सासूबाईंची औषधं घ्यायची, बँकेत नोकरीला जायचं, येताना भाजी, वाटेत पिठाच्या गिरणीतून डबा. एका फेरीत पाच थांबे. बसचे मार्ग आखताना गृहीत धरला जातो तो सरळ जाणारा प्रवासी, मग ती स्कूटी घेते. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि बाजाराला, माहेराला, दवाखान्याला निघालेल्या बायकांनी गाड्या भरल्या. भाडं कमी झालं की कोण घराबाहेर पडतं, ते यातून दिसलं.

वेशीवरचा टोल

शहरात शिरायला पैसे घेण्याचा प्रयोग सिंगापूरनं 1975 मध्ये केला, लंडननं 2003 मध्ये. हेतू एकच, मोटारी कमी करणं. कोल्हापुरात 2013 मध्ये टोलवसुली सुरू झाली ती गर्दी कमी करायला नव्हे, शहरातल्या सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांचा खर्च काढायला. ज्याचं घर नाक्याच्या बाहेर आणि दुकान आत, त्याला रोजच्या वाटेवर टोल. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सरांच्या नेतृत्वाखाली गाव रस्त्यावर उतरलं आणि डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली.

39 आणि 43

हे दोन आकडे कोल्हापूरच्या पोरालाही पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर धोका. 2019 आणि 2021 मध्ये ती 55 फुटांच्या पुढं गेली. दर पुरात सुतारवाड्यातली कुटुंबं सामान बांधून आधी निघतात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात अर्ध्या घडवलेल्या गणेशमूर्ती वर चढवतात. 2019 ला नागाळा पार्कातल्या बंगल्यांतही पाणी शिरलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. उंच माळावर राहणारे पाचगावकर पुरापासून लांब, पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी नोव्हेंबर 2023 मध्ये शहरात आलं, तरी फ्लॅट घेताना पहिला प्रश्न आजही तोच: 'पाणी किती दिवसाआड येतं?'

घर घ्यायचा विचार असेल, तर एक विनंती. बिल्डरच्या माहितीपत्रकावरचं 'मध्यवर्ती बसस्थानकापासून दहा मिनिटं' वाचून टोकन देऊ नका. जुलैतल्या एखाद्या सोमवारी, सकाळी साडेनऊला, त्या जागेवरून तुमच्या कामाच्या ठिकाणी स्वतः जाऊन बघा, एकदा गाडीनं आणि एकदा केएमटीनं. बस मिळाली नाही, तर सही करायच्या आधी महापालिकेला आणि ग्रामपंचायतीला तसं लेखी कळवा. मागणी लेखी गेली, तरच तिकडं बस सुरू करा म्हणून पाठपुरावा करता येतो.